घोड्याचं ऑपरेशन

घोडा चावायला लागला होता, म्हणून त्याला खच्ची करायचं ठरलं. तरीही तो सुधारला नाही तर सरळ विकून टाकायचा, असं बायकोनं मालकाला बजावलं होतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी घोड्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि हातमोजे चढवले. मालक पांढराफटक पडला.

"मी बाहेर थांबतो. मला नाही बघवणार."

"तुम्हाला कोण काय करतंय?" बायको म्हणाली.

"दुखेल ना हो त्याला?"

"वेदना कमी करायचं औषध दिलंय," डॉक्टर म्हणाल्या. "शिवाय कापायच्या आधी जागा बधिर..."

'कापायच्या' ऐकून मालक तबेल्याबाहेर पोचलाही होता.

घोड्याची मान खाली आली, खालचा ओठ लोंबू लागला. इतके दिवस त्याच्या जवळ जाऊन खाली वाकून बघायची कुणाची छाती झाली नव्हती. डॉक्टर वाकल्या, त्यांनी चाचपलं. थांबल्या. पुन्हा चाचपलं.

"ताई, इथे काढण्यासारखं काही नाही."

"म्हणजे?"

"दोन्ही बाजूंना जुने व्रण आहेत. हे काम कुणीतरी आधीच उरकलंय."

बायको गवताच्या पेंढीवर मटकन बसली. "घोडा माझ्या भावानं दिलाय. जातिवंत नर आहे, वंश वाढवा म्हणून. ह्यांना कळलं तर जन्मभर माझ्या माहेराचा उद्धार होईल."

"मी खोटं बोलणार नाही."

"खरंच बोला की. पण विचारतील तेवढंच."

गुंगी होती तोवर डॉक्टरांनी घोड्याचं तोंडही उघडून पाहिलं. एका दाढेची तुटकी कड गालात रुतत होती. लगाम ओढला की कळ मस्तकात जात असणार.

"तुम्हीही चावला असतात," असं म्हणत त्यांनी कानशीनं कड घासून गुळगुळीत केली.

आठवड्यानं त्या तपासायला आल्या, तेव्हा घोडा मालकाच्या हातून गवत खात होता. विकायची भाषा घरात बंद झाली होती.

"फार दुखलं का हो त्याला?" मालकानं विचारलं.

"नाही."

"आता चावणार नाही ना?"

"तोंड दुखलं नाही तर नाही."

मालकानं घराकडे नजर टाकली. बायको आत होती. तो जवळ सरकला.

"एक कराल? माझ्या मेहुण्याला यातलं काही कळू देऊ नका. वंश वाढवा म्हणून विश्वासानं दिला होता त्यानं, आणि मी हे असं करून बसलो. कुठल्या तोंडानं जाऊ त्याच्यासमोर?"

डॉक्टरांनी शांतपणे बॅग बंद केली.

"काळजी करू नका. माझ्याकडून त्यांना नवीन काहीच कळणार नाही."