दादासोच्या गाडीची शिंगं

"सणसरला जानार, सारजाला गाडीवर घालून आननार, आन् मान एवढीसुदिक वाकवनार न्हाय!"

भीमाच्या हाटेलात दादासोनं हे जाहीर केलं तेव्हा त्याची मान खरोखरच ताठ होती. रात्री उशीवरनं घसरून ती आखडली होती, ही गोष्ट वेगळी! पण शेळगावात आखडलेली मान आणि ताठ मान यांतला फरक बघत बसायला कुणाला वेळ आहे?

आता सारजा, म्हणजे त्याची बायको, सणसरला माहेरी का गेली होती, ते सांगितलं पाहिजे. आणि ते सांगताना दादासोची बाजू घेणं कुणाला जमणार नाही.

झालं असं की दिवाळी झाल्यावर कारखान्याचे डायरेक्टर दादासोच्या घरी चहाला आले. दादासोनं नवा सोफा घेतला होता. त्याचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं. साहेब त्या प्लॅस्टिकवर करकर वाजत बसलेले, आणि नेमका त्याच वेळी सासरा दारात! सावळाराम. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, अंगाला मेंढरांचा वास आणि लेकीसाठी डब्यातनं आणलेला खरवस.

साहेबांनी विचारलं, "हे कोण?"

अशा वेळी माणसाची जीभ टाळ्याला चिकटते म्हणतात. दादासोची चिकटली असती तर फार बरं झालं असतं. तो म्हणाला, "त्यो व्हय? मेंढक्या हाय. रानात मेंढरं बसवायला बोलावलाय."

मेंढरं रानात बसवतात, ती लेंड्या टाकतात, रानाला खत मिळतं. दादासोचा बाप आबाजी जन्मभर दुसऱ्याच्या रानात हेच करत फिरला. त्यातनं चार एकर घेतले, त्याच लेंड्यांवर दादासोची डाळिंबं पोसली, डाळिंबांवर सोफा आला, आणि सोफा आल्याबरोबर ह्या गड्याला मेंढरांचा वास यायला लागला!

सावळारामानं उंबऱ्यावर डबा ठेवला आणि वळला. चहाचा ट्रे घेऊन बाहेर आलेल्या सारजानं सगळं ऐकलं होतं. तिनं ट्रे साहेबांपुढं ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि मेंढक्याच्या मागनं चालू लागली. मागनं निरोप आला: "माज्या बापाच्या पाया पडा. मग येते."

झालं! ऊसतोडीची पाळी लवकर लागावी म्हणून तोडीच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयपुढं कमरेतनं वाकणारे, बँकेतल्या शिपायाला 'साहेब' म्हणणारे हे आपले मर्द! पण बायकोच्या बापापुढं वाकायचं म्हटलं की ह्यांच्या मणक्यात पहार शिरते!

पण स्वतःच्या हातच्या भाकरी किती दिवस खाणार? त्या भाकरी कुत्रंसुद्धा हुंगून पुढं जायचं. शेवटी दादासोनं डोकं चालवलं आणि शंभर सीसीची नवी कोरी मोटरसायकल दारात आणली. गाडी बघितली की सारजा निरोपबिरोप विसरून मागं बसंल, असा हिशेब!

आबाजीनं गाडीभोवती एक फेरा मारला. एडका विकत घेताना बघावं तसं खालनं-वरनं बघितलं. सीटवर थाप मारली.

"पाठ बरी हाय. पर ह्याला शिंगं कुठायती?"

"आबा, ते हँडल काय दिसत न्हाय का?"

"हे? आरं, शिंगं पडल्याला एडका कळपात मागनं चालतुया. बस बरं वर."

दादासो ऐटीत बसला.

"खुरपाय बसल्यावानी दिसतुयास," आबाजी म्हणाला. "वाकलायस."

वाकलायस! हा एक शब्द दादासोच्या डोक्यात गोचिडासारखा रुतला. असा वाकून सणसरात शिरला तर सासऱ्याला वाटायचं, जावई वेशीपासनंच पाया पडत आलाय!

दुसऱ्या दिवशी तो बारामतीला रावजी मिस्त्रीकडं गेला. रावजी मूळचा विहिरीवरच्या जळक्या मोटारींचं वाइंडिंग भरणारा. पण चाक असलेलं आणि नसलेलं सगळं दुरुस्त करून मिळेल, अशी पाटी त्यानं लावली होती. दुकानात गोऱ्या साहेबाच्या काळातल्या एका मेलेल्या फटफटीचं हँडल टांगलं होतं. दोन बाजूंना दोन लांब शिंगं, मधे दातेरी सांधे, सांध्यांना बोल्ट. बोल्ट सैल केला की शिंगं पाहिजे तशी वर, पाहिजे तशी खाली!

"लढाईतलं हाय," रावजी म्हणाला. "गोरा सोल्जर बसायचा ह्यावर. त्यांच्या माना बघितल्याती का कधी?"

"पर ह्या गाडीला बसंल का?"

"बसंल का? आवो, मी रोडरोलरचं स्टेरिंग ट्रॅक्टरला बसवलंय!"

"चालला ट्रॅक्टर?"

"स्टेरिंग बसलं का, एवढंच इचारा की!"

आणि दादासोनं तेवढंच विचारलं! अशा माणसाला देवसुद्धा वाचवत नाही.

जुन्या हँडलची नळी बारीक निघाली, नव्या गाडीचा पकडा मोठा. रावजीनं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून नळीला गुंडाळला. सांध्यांचे दात आबाजीच्या दातांसारखे, असून नसल्यागत. तिथं रावजीनं बोल्टवर उभं राहून पान्हा मारला. मग शिंगं पार वर केली तेव्हा कळलं की क्लचची, ब्रेकची, रेसची, सगळ्याच तारा आखूड पडतायत. त्या त्यानं वाळत घालायच्या दोरीगत ताणल्या.

"लांब तारा न्हाईत का?"

"कशाला? ताणल्याली तार जोर धरती!"

दादासो गाडीवर बसला आणि दुकानाच्या काचेत बघितलं. दोन्ही हात खांद्याच्या वर, छाती पुढं. पोलिसांनी 'हात वर!' म्हटल्यावर चोर उभा राहावा, अगदी तसा! दादासोला मात्र काचेत गोरा सोल्जर दिसला. गाडीचं मूळचं हँडल रावजीकडंच टाकून तो थेट सणसरच्या रस्त्याला लागला.

बारामती मागं पडली तोवर सगळं झकास. मग उसाची बैलगाडी आडवी आली. दादासोनं ब्रेक दाबला, अंगाचा भार हँडलवर गेला आणि... कर्रर्र! शिंगं सपाट खाली! दादासोचं नाक पेट्रोलच्या टाकीवर, दोन्ही हात पुढं आणि कपाळ बैलाच्या खुरापुढं!

उसावर बसलेल्या म्हातारीनं तिथनंच हात जोडले. "शंभर वर्सं जग रं माज्या राजा! बैलाच्या पाया पडनारं कोन ऱ्हायलंय आता!"

दादासोनं शिंगं ओढून वर केली, बोल्ट आवळला आणि कुणी ओळखीचं नाही बघून पुढं निघाला.

ओळखीचं पुढं होतं! कारखान्याची निवडणूक तोंडावर आलेली. विरोधी पॅनेलची भोंगा लावलेली जीप रस्त्याकडेला उभी आणि तिच्यापुढं गेणबा. ह्याच गेणबाला दादासोनं भीमाच्या हाटेलात चारचौघांत 'उसाचं पाचट' म्हटलं होतं. आता हा गेणबा पत्रकं वाटत वाटत नेमका रस्त्याच्या मधे आला. ब्रेक! कर्रर्र!

टाकीवर पालथ्या पडलेल्या दादासोकडं बघून गेणबा आधी दोन पावलं मागं सरकला. मग त्याचे डोळे भरून आले.

"दादासो! आरं उठ, उठ! कशापायी लाजवतूस? झालं गेलं गंगेला मिळालं!"

"आरं गेणबा, तसं न्हाय, हँडल..."

"हँडल आता आमच्या हातात हाय! तू काळजीच सोड!"

गेणबानं पॅनेलचं उपरणं त्याच्या गळ्यात घातलं आणि भोंगा लगेच गरजला. "शेळगावचे प्रगतशील बागायतदार दादासो यांनी भर रस्त्यात लोटांगण घालून आपल्या पॅनेलला पाठिंबा दिलेला हाये!"

आता ह्याला काय म्हणावं? हँडल पडलं म्हणून सांगितलं तर हसं, नाही सांगितलं तर पॅनेल बदललं! दादासोनं शिंगं वर केली आणि पळ काढला. तर नव्या कार्यकर्त्याला सोडायला जीप मागनं! भोंगा चालूच! शेंबडी पोरं जीपमागं, कुत्री पोरांमागं. लपूनछपून जायचं म्हणून दुपारची वेळ साधलेल्या माणसाची अशी मिरवणूक सणसरला पोचली.

सावळारामाच्या घराला डावीकडं वळावं लागतं. दादासोनं हँडल डावीकडं वळवलं आणि तेव्हा त्या ताणलेल्या तारेनं आपला जोर दाखवला! हँडल वळलं, रेसची तार ओढली गेली आणि गाडी पिसाळलेल्या वळूसारखी डुरकत गल्लीत घुसली. पुढं गल्लीभर मेंढरं! मेंढरांच्या पलीकडं दारात सावळाराम!

दादासोनं हातापायांनी मिळून सगळे ब्रेक दाबले. ह्या खेपेला शिंगं नुसती खाली गेली नाहीत. डब्याचा पत्रा सटकला, तारा तटातट तुटल्या आणि अख्खं हँडल उपसून हातात आलं! गाडी उकिरड्यात गेली. दादासो लेंड्यांवरनं घसरत घसरत गेला आणि बरोबर सावळारामाच्या वहाणांपाशी थांबला. पालथा. दोन्ही हात पुढं. आणि त्या हातांत सासऱ्याच्या पायांवर वाहिलेली ती शिंगं!

"पडला, पडला! जावई पाया पडला!" गल्ली ओरडली. सासू द्वारकाबाई भाकरतुकडा ओवाळायला आत पळाली. गेणबा जीपमधनं उतरला आणि सावळारामाला म्हणाला, "आमचं नवं कार्यकर्तं हैत हे. तुमचं कोन लागत्यात?"

सावळारामानं खाली बघितलं. दादासोनं डोळे गच्च मिटले. आता हा म्हणणार, 'गडी हाय. लेंड्या भरायला बोलावलाय.' आणि तसं म्हणायचा त्याला पुरा हक्क होता.

"आमचं जावई हैत," सावळाराम म्हणाला. आणि खाली वाकून त्यानं घोंगड्याच्या टोकानं दादासोच्या कपाळावरची लेंडी पुसली.

त्यापेक्षा काठी हाणली असती तरी चाललं असतं! दादासोचं तोंड कानापर्यंत तापलं. जमीन पोटात घेईल म्हणून त्यानं थोडी वाट बघितली. तिनं घेतलं नाही.

तेवढ्यात सारजा दारात आली. तिनं उकिरड्यातली गाडी बघितली, नवऱ्याच्या हातातली शिंगं बघितली. पदर खोचला.

"अवो," ती म्हणाली, "पाया पडला, का नुसतंच पडला?"

एक शब्द पुरला असता. 'पाया' म्हणायचं आणि सुटायचं! मान न वाकवता काम झालं होतं, दादासोला पाहिजे होतं अगदी तस्सं! तो बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात घोंगड्याचा वास नाकात गेला. त्याच्या बापाच्या घोंगड्यालाही हाच वास होता.

"नुसताच पडलो," तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोला. लांबनं ऐकू येत न्हाय."

"नुसताच पडलो! हँडल पडलं, म्हनून मी पडलो!"

"मग उठा," सारजा म्हणाली, "आन् नीट पडा."

दादासो उठला. शिंगं बाजूला ठेवली. आणि सगळ्या गल्लीदेखत, सगळ्या मेंढरांदेखत वाकला.

"मामा, त्या दिशी सायबांपुढं मी तुमाला मेंढक्या..."

"मेंढक्याच हाय की मी," सावळाराम म्हणाला. "तुमी कुठं खोटं बोलला? पुढचं नातं तेवढं सांगायचं ऱ्हायलं."

दादासोनं सासऱ्याच्या पायांवर डोकं टेकलं. गेणबाचा चेहरा मात्र हळूहळू पडत चालला होता. "दादासो, म्हंजे मगाशी माज्याबी पाया..."

"तेबी हँडल."

गेणबानं भोंगा बंद केला. निघताना दादासोच्या गळ्यात घातलेलं पॅनेलचं उपरणं तेवढं काढून घेतलं.

संध्याकाळी सावळारामानं टेम्पो आणला. "मेंढरं बसवायला बोलावलाय म्हनला होता न्हवं? येतो की," म्हणून त्यानं निम्मी मेंढरं भरली, बिनशिंगाची गाडी भरली आणि स्वतःही मागं चढला. दादासो मेंढरांत, मांडीवर हँडल घेऊन. सारजा त्याच्या शेजारी. दुपारचा मार आता थंड पडला होता आणि त्याची मान पुन्हा आखडली होती.

शेळगावात भीमाच्या हाटेलापुढं टेम्पो थांबला. सगळी गिऱ्हाइकं बाहेर आली.

"सारजावयनी आल्या की!" भीमा ओरडला. "आन् दादासोची मान बघा, तशीच ताठ! वाकला न्हाईस वाटतं, मर्दा!"

दादासोनं मांडीवरचं हँडल सावरलं. बोलली ती सारजा.

"दोनदा पडलं," ती म्हणाली. "एकदा नुसतं, आन् एकदा पाया."

हाटेल हसलं, टेम्पोतली मेंढरं ओरडली. दादासोला वाटलं, आता लाजेनं मान खाली घालावी. पण ती काही केल्या वाकेना!