आधी आराखडा, मग लिफ्ट

विचार न करता कोड लिहिणं हे आजच्या जगावरचं सर्वात मोठं संकट आहे, आणि कोडच न लिहिणं हा त्यावरचा एकमेव खात्रीचा उपाय आहे. आमच्या इमारतीने हा उपाय तडीस नेला. आमच्या लिफ्टच्या प्रोग्रॅममध्ये आजवर एकही चूक सापडलेली नाही. (प्रोग्रॅमही सापडलेला नाही, पण तो मुद्दा वेगळा.)

जुनी लिफ्ट भंगारात गेली आणि नवी आली, तेव्हा कंपनी सोबत तयार प्रोग्रॅमही देणार होती. बटण दाबलं की लिफ्ट येते, असा काहीसा तो बाळबोध प्रकार होता. पण इमारतीत दर दोन दारांआड एक सॉफ्टवेअरवाला राहत असताना बाहेरचा प्रोग्रॅम लावणं म्हणजे स्वतःच्या हाताने नाक कापून घेणं. सभेने एकमताने ठरवलं की प्रोग्रॅम आपणच लिहायचा, आणि लिहिण्याआधी त्याचा रीतसर आराखडा करायचा. आराखडा समिती नेमली गेली. मी तिचा सचिव.

अध्यक्ष चौथ्या मजल्यावरचे चौकटकाका. त्यांनी उभी नोकरी आराखडे काढण्यात घालवली. त्यांच्या एकाही आराखड्यावरून कुणी कधी काही बनवलं नाही, त्यामुळे ते सगळे अजून निर्दोष आहेत. उपाध्यक्ष शंकाताई. प्रोग्रॅममधल्या चुका हुडकणं हा त्यांचा पेशा. त्यांचं प्रत्येक वाक्य 'पण समजा'ने सुरू होतं, घरीसुद्धा. (त्यांचे यजमान हल्ली मोजकंच बोलतात.) शिवाय चार तरणेबांड सदस्य होते, माना डोलावण्यासाठी.

समितीचा नियम एकच होता. शंका आली की चौकट काढायची आणि चौकटीतून दोन बाण काढायचे, एक 'हो'चा, एक 'नाही'चा. पहिल्या बैठकीत चौकटकाकांनी तळमजल्याच्या भिंतीवर 'बटण दाबले' अशी सुबक चौकट काढली.

"पण समजा, कुणी भिंतीला टेकला आणि बटण चुकून दाबलं गेलं तर?" शंकाताई म्हणाल्या.

चौकट.

"पण समजा, मुद्दाम दाबलं, पण लिफ्ट येईस्तोवर माणसाचा विचार बदलला तर?"

चौकट.

"पण समजा, माणूस ज्या मजल्यावर आहे, त्याला त्याच मजल्यावर जायचं असेल तर?"

इथे चौकटकाकांनी डोळे मिटून घेतले. "फार खोल गेलात ताई," ते म्हणाले. या प्रश्नासाठी उपसमिती नेमण्यात आली. (तिचं काम समाधानकारक चालू आहे.)

भिंत संपली तेव्हा आराखडा जिन्याच्या कडेने वर चढू लागला. लिफ्ट जागची हललेली नसताना तिचा आराखडा दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचला, ही काही लहानसहान प्रगती नव्हे. बैठका आम्ही लिफ्टमध्येच घ्यायचो. आत पंखा होता, आरसा होता, दार उघडं ठेवलं की खुर्च्याही मावायच्या. लिफ्टचा इतका पुरेपूर वापर क्वचितच कुठे होत असेल.

आता युजरकडे वळू. युजरला विचारल्याशिवाय आराखडा करू नये, असं शास्त्र सांगतं. त्यामुळे माझ्या थोरल्या आत्याला युजर प्रतिनिधी नेमलं गेलं. आत्या सहाव्या मजल्यावर एकटी राहते, आणि तिचे गुडघे साफ कामातून गेले आहेत. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर माझी धाकटी आत्या अंथरुणाला खिळलेली. जुनी लिफ्ट होती तोवर थोरली रोज दुपारी धाकटीजवळ जाऊन बसायची. आता धाकटीला तिचा मुलगा कायमचा दूरच्या गावी नेणार होता. आत्याने समितीला कळवलेली गरज एका वाक्याची होती: 'ती जायच्या आधी मला एकदा तिच्याजवळ बसायचं आहे.'

समितीने या वाक्याचा कीस पाडला. 'एकदा' म्हणजे नुसतं जाणं, की जाऊन येणं? 'बसायचं' हे लिफ्टच्या अखत्यारीत येतं का? खुलाशासाठी आत्याला बैठकीचं निमंत्रण गेलं. बैठक तळमजल्यावर होती. आत्या आली नाही. 'युजर प्रतिनिधी निमंत्रण देऊनही अनुपस्थित,' अशी नोंद मी केली. पुढच्या बैठकीलाही तेच.

"युजर सहकार्य करत नाहीत, हेच आपल्या धंद्याचं दुखणं आहे," चौकटकाका हळहळले.

मी दूध घेऊन वर जायचो तेव्हा आत्या विचारायची, "कुठवर आलं रे तुमचं?"

"वीज गेली तर काय करायचं, इथवर आलोय."

"आणि वीज असली तर?"

"ते पुढच्या टप्प्यात, आत्या."

"तुझा बाप अस्साच. पाऊस पडेल का, या विचारात दिवसभर छत्री हातात घेऊन घरात बसायचा." मग तिचा आवाज उतरला. "अरे, तिला नेणार आहेत रे. मला नुसता तिच्या केसांतून हात फिरवायचाय."

मी ही गरज समितीपुढे मांडली. तिला स्वतंत्र चौकट मिळाली.

एव्हाना भिंती संपून आराखडा कागदावर उतरला होता, आणि त्याच्या गुंडाळ्या ठेवायला जागा उरली नव्हती. आत्याने आपणहून तिचं लोखंडी कपाट देऊ केलं. "न्या बाबांनो, तेवढंच काम लवकर उरकेल." आमच्या चार तरण्याबांड सदस्यांनी ते उचललं. दोघे वर, दोघे खाली, प्रत्येक वळणावर 'जरा डावीकडे घे' करत सहा मजले उतरवून थेट लिफ्टमध्ये आणून ठेवलं. आत्या काठी टेकून दारात उभी होती. "जपून रे, आरसा आहे त्याला." आरशाला ओरखडाही आला नाही. चौघांच्या अभिनंदनाचा ठराव झाला.

पुढच्याच आठवड्यात समोर गाडी उभी राहिली. धाकटीला तिच्या मुलाने आणि ड्रायव्हरने खुर्चीत बसवून, उचलून गाडीत ठेवलं. (कसलाही आराखडा नव्हता. पडली नाही हे नशीब.) सहाव्या मजल्यावरच्या खिडकीतून थोरली हात हलवत होती. धाकटीने वर बघायची धडपड केली, पण तिची मान वळेना. गाडी गेली. खिडकीतला हात बराच वेळ हलत राहिला. मी वर जायला उठलो, पण बैठक चालू होती.

युजरची गरजच संपल्यामुळे आराखड्याची ती आख्खी फांदी पुसता आली. शंकाताईंना प्रथमच शंका उरली नाही. आराखडा एकमताने मंजूर झाला, लिफ्टमध्ये कपाटाशेजारी सर्वांचा फोटो निघाला. आता कोड लिहायचा. तो कसा लिहावा, याचा आराखडा सध्या हाती घेतला आहे.

तुम्ही इतका वेळ आम्हाला हसत असाल. खुशाल हसा. तुम्ही शहाणी माणसं, चौकटीबाहेरचा विचार करणारी. फक्त एवढंच सांगा: ते कपाट आत्याच्या दुप्पट वजनाचं होतं. ते सहा मजले जिन्याने खाली येत होतं, आत्या दारात उभी होती, आणि तुम्ही सगळं बघत होता. तेव्हा तुमच्या मनात काय आलं? लिफ्ट कधी चालू होणार, हेच ना?

समितीत एक जागा रिकामी आहे. तुम्ही शोभाल.