मुबीनाच्या गालावर इराची बाही

"सौंदर्य पार्लरमध्ये मिळत नाही, सुमती! ते रोजच्या माणसांच्या चेहऱ्यावर असतं. फक्त बघणारा लागतो!"

बँकेतून निवृत्त झालेले कृष्णकांत दातार २०११च्या उन्हाळ्यात हे वाक्य दिवसातून तीनदा म्हणत, जेवणाआधी गोळी घेतल्यासारखं. सुमतीबाई "हं" म्हणत आणि आमटीला फोडणी देत.

बघणारे अर्थातच ते स्वतः! पनवेलमधल्या साध्यासुध्या माणसांची चित्रं ते काढत होते, आणि तीही नुसत्या रंगांनी नव्हे. कोळणीच्या चित्रावर खऱ्या जाळ्याचे तुकडे, पेपरवाल्याच्या चित्रावर बातम्यांची कात्रणं! वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन ठरलं. त्यातलं मुख्य चित्र होतं कोपऱ्यावरच्या दुकानात ब्लाउज शिवणाऱ्या मुबीनाचं.

"कापडाचे तुकडे हवेत? ती भिंतीकडची थैली न्या की, चाचा," मशीनवरून मान न उचलता ती म्हणाली होती. भिंतीकडे थैल्या दोन होत्या. दातारांनी जास्त सुंदर दिसली ती उचलली. कलावंताची नजर!

प्रदर्शनाला शेजारची इरा आली. परवावर लग्न आलेलं, हातात पत्रिकांचा गठ्ठा. मुबीनाच्या चित्रापुढे मात्र ती खांबासारखी उभी राहिली.

"काका, हे माझं आहे!" इराचे डोळे भरून आले.

दातारांचेही आले. पहिल्याच तासात कलेचा एवढा परिणाम!

"हो गं बाळा! प्रत्येकीला तिच्यात स्वतःला पाहता यावं, हाच तर माझा उद्देश."

"अहो, ही माझी बाही आहे!"

"बाही कुठली? गाल आहे तो."

"गाल नाही, बाही! आणि हनुवटीला माझी पाठ लावलीत तुम्ही!"

दातार पार गोंधळले. नव्या पिढीची समीक्षा अशीच असते की काय? त्यांनी मुकाट्याने अभिप्रायाची वही पुढे केली. तोवर मागच्या एका गृहस्थांनी "कोणाची पाठ?" म्हणून मान पुढे काढली होती. त्यांच्या मागे आणखी चौघं आली. दाराजवळ चहा ओतणाऱ्या सुमतीबाईंपर्यंत बातमी पोचली तेव्हा तिचा आकार भलताच झाला होता.

"इराची पाठ काढलीत तुम्ही? या वयात?"

"अगं, मी गाल काढलाय!"

"कोणाचा?"

तेवढ्यात मुबीना आली आणि चित्राकडे पाहून तिने कपाळावर हात मारला.

"या अल्ला! इराचा कापून ठेवलेला ब्लाउज! चाचा, कातरणाची थैली दुसरी होती!"

कापड इराच्या आजीच्या शालूतलं होतं. तसं आणखी वीतभरही कुठे मिळालं नसतं.

"दहा वर्षांत कोणाची चिंधी हरवली नाही माझ्याकडून," मुबीना कळवळून म्हणाली. "चार दिवस शोधतेय. इराला तोंड कसं दाखवू, तेच कळत नव्हतं."

दातारांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं, ओठ सुकलेले. महिनाभर हा चेहरा रंगवत होतो आपण, आणि चार दिवसांत एकदाही तिच्या दुकानात डोकावलो नाही! त्यांनी चहासाठी ठेवलेलं गरम पाणी मागवलं, पंचा भिजवला आणि स्वतःच्या हाताने आपली उत्कृष्ट कलाकृती सोलायला घेतली. आधी गाल, मग हनुवटी, मग कपाळ.

गोंद पाण्यात विरघळणारा निघाला. मुबीनाने एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला.

"काही झालेलं नाही. धुऊन, इस्त्री करून शिवते. उद्या संध्याकाळी घेऊन जा."

इरा रडता रडता हसली. सुमतीबाईंनी सगळ्यांना चहा दिला, नवऱ्याला सर्वांत शेवटी.

मग कुठे मुबीनाने चित्र नीट पाहिलं. ओल्या गोंदाने गालांवर सुरकुत्या पडल्या होत्या, हनुवटी लोंबत होती. दातार श्वास रोखून उभे राहिले.

"वा चाचा! हुबेहूब!" तिचा चेहरा उजळला. "माझ्या सासूला तुम्ही कधी पाहिलंत?"

"एकदाच. लांबून," दातार म्हणाले, आणि चित्राखालची 'मुबीना' असं लिहिलेली चिठ्ठी हळूच काढून त्यांनी खिशात टाकली.