पत्र्याच्या घराला कूलर मानवेल का

चिटगुप्प्याच्या बाजार समितीत क्लार्क असलेल्या भीमराजला एका गोष्टीचा भारी अभिमान होता. पूर्ण चौकशी केल्याशिवाय त्याच्या घरात साधी केरसुणीही येत नसे. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो साहेबांच्या घरी घटकाभर कूलरपुढं बसला आणि उठताना म्हणाला, "आता आपल्याकडंबी एक." पण त्याचं घर पत्र्याचं, आणि खिडकी एकच. बिदरचे कूलरवाले दुकानदार सिद्धलिंगप्पा म्हणाले, "रविवारी माणूस पाठवतो. घराला कूलर मानवतो का न्हाई, तो बघून सांगेल."

रविवारी भर दुपारी दारात एक घामाघूम गृहस्थ उभे राहिले. ते होते कमठाण्याचे पिराजी. भीमराजच्या लेकीला, विशाखाला, त्यांच्या भाच्याचं स्थळ आलं होतं. पाहुणे पुढच्या महिन्यात यायचे होते. पण पिराजी कामानं गावात आले होते, म्हटलं डोकावून जावं. भीमराजनं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

"जयभीम. बघायला आलतो," पिराजी म्हणाले.

"जयभीम. या की अण्णा, वाटच बघायलो."

पिराजींनी भिंतीला हात लावला, वर पत्र्याकडं बघितलं. "लई तापतंय हो घर."

माणूस जाणकार दिसला. भीमराजनं बाज पुढं सरकवली. "तुमच्यापासून काय लपवायचं? दुपारी हितं जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई. म्हणून तर घरात एक आणून ठेवावा म्हणतोय."

हे घरजावई मागायलेत की काय? पिराजी दचकून बाजेवर टेकले. "कायमचा?"

"मग काय उन्हाळ्यापुरता? बरं, कोरा हाय ना? आधी कुणाच्या घरी बसवलेला न्हाई ना?"

"अहो, पहिलंच हाय त्याचं."

"पाणी किती लागतं?"

"माणसाला लागतं तेवढंच की."

एवढ्याशा पाण्यावर चालतो म्हणजे नळाला रांग लावायला नको, भीमराज खूश झाला. "रात्री आवाज करतो?"

पिराजींनी मान खाली घातली. "घोरतो थोडा."

"चालंल. एक उन्हाळा ठेवून बघतो. न्हाई मानवला तर परत नेता का?"

पिराजी ताडकन उठले.

स्वयंपाकघराच्या दाराआड सुमनबाईनं कपाळाला हात लावला. पिराजींना तिनं एका लग्नात पाहिलं होतं. "अगं, हे कमठाण्याचे मामा!" म्हणत ती धावत निघाली, तशी विशाखानं तिचा पदर धरला. "थांब आई. असं सगळं मला कोण विचारू देणार होतं?" आणि पाण्याचा तांब्या घेऊन तीच बाहेर आली.

"मामा, बसा. बाबांचं एक विचारायचं राहिलं. सांगितलेलं ऐकतो का, का सारखं मागं लागावं लागतं?"

लेक आपल्यावर गेली, असं भीमराजला वाटलं. पिराजी मात्र तांब्या हातात घेऊन तसेच उभे राहिले.

तेवढ्यात स्कूटर लावून सिद्धलिंगप्पा आत आले. "आमचा माणूस गावाला गेला, म्हणून मीच आलो. कुठं बसवायचा कूलर?"

भीमराजनं त्यांच्याकडं बघितलं, मग पिराजींकडं. "मग हे कोण?"

"हे कमठाण्याचे मामा," विशाखा म्हणाली. "स्थळाचे."

पिराजी हळूच बाजेवर बसले.

"म्हणजे घोरायचं मी उगंच सांगितलं," ते म्हणाले, आणि पोट धरून हसू लागले. मग विशाखाकडं वळले. "ऐकतो, पोरी. पण दोनदा सांगावं लागतं."

"दोनदा चालंल," म्हणून ती आत गेली.

सिद्धलिंगप्पांनी खोली बघितली. आतली हवा बाहेर जायला वाट नाही. असाच कूलर लावला तर घरात नुसता दमट उकाडा होईल, समोर दुसरी खिडकी पाडा, असं त्यांनी सांगितलं. भीमराज लगेच खडू घेऊन भिंतीवर खुणा करू लागला. त्या नादात दोघं पाहुणे चहा पिऊन निरोप घेऊन गेलेसुद्धा.

"मग, काय ठरलं?" सुमनबाईनं विचारलं.

"ठरलं. ही भिंत फोडायची."

"मी पोरीचं विचारायले."

भीमराज खडू धरून उभा राहिला. पिराजी जाताना काहीतरी म्हणाले होते खरे.

"पुढच्या रविवारी पोराला घेऊन येतो म्हणाले," विशाखा आतून म्हणाली. "आणि बाबा, तोवर भिंतीला हात लावू नका."