टिंब सुलभीकरण समिती

कोणतीही गोष्ट सोपी करायची झाली, की आधी ती अवघड असल्याचा ठराव पास करावा लागतो. त्यावाचून सोपेपणाला कायदेशीर आधार राहत नाही. डेटाबेस बनवणाऱ्या त्या कंपनीत असा ठराव अठरा वर्षं कुणी मांडला नव्हता, आणि त्याचं कारण तिसऱ्या मजल्यावर खिडकीशेजारी बसत असे. त्याला सगळे बाणकाका म्हणत.

डेटाबेस म्हणजे काय, हे थोडक्यात. डेटाबेस म्हणजे टेबलं आणि टेबलांतले कॉलम. नावाच्या कॉलमात नाव, वयाच्या कॉलमात वय, सगळं कसं जिथल्या तिथे. पण कोणते कॉलम करायचे हे आधी ठरवावं लागतं, आणि ठरवणं माणसाच्या अगदी जिवावर येतं. म्हणून 'इतर' नावाचा एक कॉलम निघाला आणि त्यात जेसन ठेवायची सोय झाली. जेसन म्हणजे सरळ सरळ गाठोडं. त्यात पत्ता कोंबा, पत्त्यात गाव कोंबा, गाठ मारा आणि जेवायला जा. कंपनीच्या पाहणीनुसार शंभरातले ब्याण्णव ग्राहक 'नंतर नीट लावू' असं म्हणून गाठोडं करतात. उरलेले आठ काही म्हणत नाहीत, नुसतं करतात.

या गाठोड्यातून वस्तू काढायला बाण लागत. 'इतर'कडून पत्त्याकडे एक बाण, पत्त्याकडून गावाकडे दुसरा. त्यातही दोन जाती. एकेरी बाण वस्तू फडक्यासकट हातात देई, दुहेरी बाण फडकं सोडून देई. कुठे कोणता बाण मारायचा, हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. (मॅन्युअल वाचणाऱ्यांची एकूण संख्या: एक. ते लिहिणाऱ्या बाई.) त्यामुळे अख्खं ऑफिस काकांकडे येई.

"काका, इथे एकेरी की दुहेरी?"

काका स्क्रीनकडे बघत, हनुवटी खाजवत, जरा वेळ मुद्दाम जाऊ देत आणि म्हणत, "दुहेरी."

हे दिवसाकाठी सरासरी एकतीस वेळा. मुलीच्या लग्नातसुद्धा व्याह्यांशी बोलता बोलता त्यांनी फोनवर दोन एकेरी आणि एक दुहेरी सांगून टाकला होता. तोंडाने ते "काय ही कटकट!" म्हणत, पण एखाद्या दिवशी अकरा वाजेपर्यंत कुणी फिरकलं नाही, तर स्वतःच उठून कॉफीच्या मशीनपाशी उभे राहत, सापडतील असे.

आणि अशा भरल्या संसारात टेस्टिंगवालीने बिब्बा घातला. एका गावाचं नाव काढताना सकाळभरात तिचे अकरापैकी नऊ बाण चुकले होते. दुपारच्या मीटिंगमध्ये ती वैतागून म्हणाली, "नुसतं टिंब दिलं तर काय बिघडतं हो? इतर टिंब पत्ता टिंब गाव. झालं!"

सगळ्यांना एकदमच पटलं, आणि असा प्रसंग आल्यास काय करावं याची कंपनीत तरतूद नव्हती. काका मात्र मनातल्या मनात हिशेब करायला लागले. टिंब कुणालाही देता येतं! टिंबाला कुठे एकेरी-दुहेरी असतं? मग आपल्याला कोण कशाला विचारणार?

मोठ्या साहेबांनी तिथल्या तिथे टिंब सुलभीकरण समिती नेमली आणि अध्यक्ष केलं काकांना. "बाणांचा त्रास तुमच्याइतका कुणाला ठाऊक असणार?" काकांनी पद नम्रपणे स्वीकारलं आणि मनाशी ठरवलं, की टिंब इतकं सोपं करायचं, की ते कुणाला पेलता कामा नये.

समिती चौदा महिने चालली. एकसष्ट बैठका झाल्या, त्यांपैकी तीन, आधीची बैठक कधी होती हे ठरवण्यासाठी. टेबलाचं आणि कॉलमचं नाव जोडून लिहिताना मध्ये एक टिंब पूर्वीपासून राहत होतं, त्याची हरकत मागवण्यात आली. (मुदतीत उत्तर न आल्याने संमती गृहीत धरली.) चष्म्याचा नंबर वाढलेल्या वापरकर्त्यांना टिंब दिसणार कसं, म्हणून जाड टिंबाचा प्रस्ताव आला; तो जाडेपणाच्या व्याख्येवर अडला. गाठोड्यात नसलेली वस्तू कुणी मागितली तर डेटाबेसने ओरडावं की गप्प बसावं, यावर पाच बैठका खर्ची पडल्या. शेवटी गप्प बसून रिकामी जागा पुढे करावी असं ठरलं, चारचौघांत शोभा नको म्हणून.

प्रत्येक बैठकीच्या शेवटी टेस्टिंगवाली एवढंच विचारी, "हो, पण टिंबच ना?" आणि नाइलाजाने तिला हो म्हणावं लागे. असं करत करत टिंब बाहेर पडलंच. केक कापण्यात आला. केकवर मधोमध एक चॉकलेटी टिंब काढलं होतं, ते सुरी येण्यापूर्वीच कुणीतरी खाल्लं होतं.

पहिल्या दिवशी काकांकडे कुणीही आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक जण आला, स्टेपलर मागायला. काका दोनदा कॉफीच्या मशीनपाशी जाऊन उभे राहिले. लोक हसून, मान हलवून, कॉफी घेऊन गेले. अठरा वर्षं मुरलेला माणूस, दोन दिवसांत फर्निचर झाला! काकांना अगदी मनापासून रडू आलं. त्यांनी ते जांभई म्हणून खपवलं.

तिसऱ्या दिवशी फोन खणखणायला लागले. चार हजार ग्राहकांची गावं नाहीशी झाली होती. एका कुरिअर कंपनीची सगळी पार्सलं जायला गाव नाही म्हणून तिच्याच दारात परत येऊन बसली होती. आणि चूक कुठेही दिसत नव्हती, कारण डेटाबेस ठरावानुसार गप्प होता.

टेस्टिंगवालीने तासाभरात छडा लावला. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं: 'गाव हवे असल्यास लिहावे इतर.पत्ता.गाव.' वाक्य संपलं म्हणून बाईंनी पूर्णविराम दिला होता, आणि लोकांनी, वाचायची सवय नसल्याने, नुसतं बघून तोही उतरवून घेतला होता. डेटाबेस बिचारा आज्ञाधारक. शेवटचं टिंब दिसताच तो गावाच्या आत शिरला, आत काय काय आहे ते बघितलं, काहीच नव्हतं, आणि रिकाम्या हाताने बाहेर आला.

"मग मी काय वाक्य उघडं टाकू?" मॅन्युअलवाल्या बाई कडाडल्या. "तीस वर्षांत एकही वाक्य उघडं टाकलं नाही मी!"

समिती तातडीने पुन्हा बसली. टिंब मागे घेणं शक्य नव्हतं, केक खाऊन झाला होता. तेव्हा मॅन्युअलमधले पूर्णविरामच रद्द करण्यात आले. आता ते त्रेचाळीस पानी एकच वाक्य झालं. मोठे साहेब नमुन्यादाखल ते मोठ्याने वाचायला लागले आणि पाचव्या पानावर त्यांना धरून खुर्चीत बसवावं लागलं. वाक्य संपवायला काहीतरी चिन्ह हवंच, हे सर्वांना मान्य झालं. पण कोणतं?

काका खाकरले.

"आपले बाण आता रिकामेच आहेत," ते म्हणाले.

ठराव एकमताने पास झाला. साधं वाक्य संपलं की एकेरी बाण. मुद्दा संपला की दुहेरी.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला मॅन्युअलवाल्या बाई काकांच्या टेबलापाशी उभ्या होत्या. "काका, इथे मुद्दा संपला असं धरायचं, की नुसतं वाक्य?"

काकांनी जरा वेळ मुद्दाम जाऊ दिला. "दुहेरी," ते म्हणाले, आणि त्यांना आनंदाने असं काही गरगरलं, की टेबल धरावं लागलं. आठवड्याभरात ही पद्धत ईमेलमध्ये आली, मग रजेच्या अर्जांत, मग जिन्यातल्या 'सावकाश चाला' या पाटीवर. विचारणा दिवसाला बावन्नवर गेल्या. टेस्टिंगवाली रोज दोनदा येई, दात-ओठ खात.

त्या शनिवारी संध्याकाळी काका घरी बाहेरच्या खोलीत पाय पसरून बसले आणि आत बघून म्हणाले, "अगं, नेलकटर?"

"कपाट, मधला खण, निळी पिशवी, बटणांच्या डब्याखाली," काकू आतून म्हणाल्या. हातातलं काम थांबलंसुद्धा नाही.

ना बाण, ना टिंब, ना मॅन्युअल, आणि उत्तर पहिल्या फटक्यात बिनचूक. या पद्धतीवर आजवर समिती बसलेली नाही. पस्तीस वर्षांत कुणी केक कापलेला नाही. दिवसाकाठी किती विचारणा होतात, याचीही पाहणी झालेली नाही. काकांच्या काही हे लक्षात आलं नाही, त्यांना नेलकटर मिळालं होतं.

तुमच्या मात्र लगेच लक्षात आलं, आणि तुम्ही काकांना हसलात. हसा की, हरकत नाही. फक्त आत हाक न मारता एवढं सांगा: तुमच्या घरातलं नेलकटर कुठे आहे?