वत्सलाला दर्शनाचा डबा

सुयोगने डबे वाटून देणारा प्रोग्राम एक लाख वेळा चालवून पाहिला होता आणि एकदाही कुणाला स्वतःचा डबा आला नव्हता. किन्हवलीच्या शाळेत पाऊल टाकल्यापासून हे तो चौथ्यांदा सांगत होता.

दहावीच्या वर्गाचा अठ्ठावीस वर्षांनी मेळावा भरला होता. गुरुजींचा जुना नियम पाळायचा होता: डबा सगळ्यांनी आणायचा, पण आपला आपण खायचा नाही. शाळेत असताना सुयोगच्या डब्यात बहुधा नुसतीच भाकरी असायची आणि वत्सला हटकून त्याच्याशीच अदलाबदल करायची. ती आज येईल का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. तिचा नंबर कुणाकडेच नव्हता.

"साध्या चिठ्ठ्या टाकू की," ग्रुपचा कारभारी जयराम म्हणाला.

"आपलीच चिठ्ठी आली की परत टाकत बसायचं. माझं एका फेरीत काम. शेवटच्या नावापासून सुरू करायचं, प्रत्येकाची अदलाबदल फक्त त्याच्या आधीच्या कुणाशी तरी. स्वतःशी नायच."

"वाच मग. भूक लागलीय."

कुणी सुटू नये म्हणून सुयोगने नावं जुन्या हजेरीपटातूनही घेतली होती आणि ग्रुपमधूनही. तो फोनवरून यादी वाचू लागला.

"सुयोगला वत्सलाचा डबा." वाचता वाचता त्याने दाराकडे पाहिलं. कुणीच उठलं नाही. "वत्सलाला दर्शनाचा."

टोकावड्याहून एसटीने आत्ताच पोचलेली दर्शना उठली. ग्रुपवर तिच्या नावाला जास्वंदीचा फोटो होता. ती दुसऱ्या तुकडीतली असणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"हा तर माझाच डबा मला आला," ती म्हणाली.

"नाय हो, तुमचा वत्सलाला गेला."

"तेच सांगतेय. सासरी नाव बदललं. वत्सला मीच रे."

"एक लाख वेळा," जयराम म्हणाला आणि पोट धरून हसत सुटला. सुयोगला मात्र लाज वाटायची राहूनच गेली. 

"नावं दोन, माणूस एक," तो फोनकडे बघत म्हणाला. "एक काढावं लागंल. कुठलं काढू गो?"

लग्न झालं तेव्हा हे तिला कुणी विचारलं नव्हतं. 

"दर्शना काढ. पण तिच्या वाट्याला कुणाचा डबा आलाय?"

"जयरामचा. वालाचं बिरडं हाय."

"मग नाव तेवढं काढ, डबा इकडं दे," वत्सला म्हणाली आणि आपला डबा तिने सुयोगपुढे सरकवला.