उस्मानशेठचा सिमेंटी साग

उस्मानशेठची लाकडाची वखार नगरात नावाजलेली, पण त्यांच्या घरात दात कोरायला काडी सापडायची नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा थक्कच झालो. पलंग लोखंडी, कपाट पत्र्याचं, चौकट दगडी, पोळपाटही दगडी. लाटणं पितळेचं होतं. ते एकदा पायावर पडलं आणि हमीदाभाभी आठवडाभर लंगडत होत्या. विचारलं की शेठ म्हणत, "लाकूड धंद्याला. घराला न्हाई."

गल्ली त्यांना कंजूष म्हणे. मीही म्हणे, आणि चारचौघांत जरा रंगवूनच. शेठ संध्याकाळी वखारीतच आंघोळ करून, कपडे बदलून घरी येत. ते घरचं पाणी वाचवायला, हे माझंच संशोधन.

सगळ्यांत तिखट बोलत त्या मात्र भाभीच. त्या बेलापूरच्या सुताराची लेक. नवराबायको आपसांत दखनी बोलत, पण भांडण मराठीत, शेजाऱ्यांना कळावं म्हणून. सुताराची पोर वखारवाल्याला दिली आणि तिला बसायला पाट नाही, हे गल्लीला पाठ झालं होतं.

लढाईच्या दिवसांत बॉम्बच्या भीतीनं शेठनी घराखाली तळघर बांधलं, जमिनीला काँक्रीट. बॉम्ब आलाच नाही, लढाई संपली. भाभींना दमा होता. उन्हाळ्यात त्यांना ती गार जागा मानवली. फक्त खालचं काँक्रीट बघवेना. कबरीत बसल्यावानी वाटतं, म्हणाल्या, लाकूड टाका.

शेठ लाकूड सोडून बाकी सगळं टाकायला तयार झाले. लाकडासारखं दिसलं म्हणजे झालं. मी रस्त्यांवरचा ओव्हरसियर, म्हणून सल्ल्याला मला ओढलं. लष्कराच्या कॅम्पातल्या लिलावातून त्यांनी फळ्यांचं चित्र छापलेलं मेणकापड आणलं. काँक्रीटमधून ओल वर आली आणि ते पापडासारखं फुगलं. मग तपकिरी तेलरंग झाला. त्याचे पोपडे भाभींच्या तळव्यांना चिकटून स्वयंपाकघरात फिरले. मग ओल किती येते ते अजमावायला शेठ संध्याकाळी काँक्रीटवर परात पालथी घालू लागले आणि सकाळी पोटावर आडवे होऊन तिच्याखाली जमलेले थेंब बघू लागले. सागाचे ढीग बाळगणारा माणूस हे करतोय, हे बघून माझं डोकं फिरलं.

शेठ माल बघायला बाहेरगावी गेले तेव्हा भाभींनी आणि मी कट केला. वखारीतून सागाच्या फळ्या मागवल्या, खाली डांबर फासलं, दोन सुतार बसवले. रंधा फिरू लागला तशा भाभी खाली येऊन भुशातच बसल्या. एक ताजी ढलपी उचलून त्यांनी हुंगली आणि अब्बांच्या अंगाला असाच वास यायचा म्हणाल्या. मला फार मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं.

दिवस मावळायच्या आत त्यांचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. मी नुसता उभा. तेवढ्यात शेठ परतले. काही न विचारता त्यांनी भाभींना दोन्ही हातांवर उचललं आणि अंगणात उघड्यावर नेलं. डॉक्टर आले, सुई दिली, श्वास वाट सापडल्यासारखा सुरू झाला. शेठ माझ्यावर हात उचलतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसतं घरी जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वखारीत बोलावलं. "ओव्हरशीर, तिला लाकूडच सोसत न्हाई. भुसा, वास, काईच न्हाई. डॉक्टरनं मागंच मला एकट्याला सांगितलंय."

मी म्हटलं, मग त्यांना सांगत का नाही?

"सांगितलं तर आधी वखार बंद करायला लावंल. आन् सुताराची लेक ती. लाकूडच जीव घेतंय म्हणून कसं सांगू तिला? कंजूष म्हनती ना? म्हनू द्या."

वखारीतली ती आंघोळ आठवून माझे कान तापले.

फळ्या निघाल्या. भाभींना शेठनी सांगितलं, चांगलं गिऱ्हाईक आलं, विकल्या. भाभींनी बोलणंच टाकलं. मी समोर होतो, गप्प राहिलो. बाहेर मात्र पारावर बसून शेठना पुन्हा कंजूष म्हटलं, पूर्वीपेक्षा जोरात. आता ते गुपित राखायला होतं, असं मी स्वतःला बजावलं. पण जिभेला ती चव जुनीच लागली. आज दोघंही नाहीत, म्हणून हे लिहवतंय.

शेवटी शेठनी गवंड्याकडून गेरू कालवलेल्या सिमेंटचा थर घालून घेतला. ओला होता तोवर स्वतः गुडघ्यांवर बसून शिंगाच्या फणीनं त्यात सागाच्या रेषा ओढू लागले. मी दिवा धरून होतो. पायऱ्यांवर भाभी येऊन कधी बसल्या कळलं नाही. कितीतरी दिवसांनी त्या नवऱ्याशी बोलल्या.

"ही गाठ हाय का गळू? साग बघितलाय का कधी तुमी?"

शेठनी मान वर केली नाही. "मग कशी असती, सांग."

भाभी दोन पायऱ्या खाली सरकल्या आणि हवेत बोट फिरवून दाखवू लागल्या. जन्मभर साग विकलेला तो माणूस एकेक रेघ ओढून विचारत होता, "अशी?"

आणि भाभी म्हणत होत्या, "न्हाई. पुसा."